चढ उणे बारा

लोताला रात्रशाळा सातला भरते.
दिवसा याच बाकांवर आठ वर्षांची पोरं बसतात,
म्हणून मोठ्यांचे गुडघे फळीला टेकतात
आणि एलेउतेरियो आडवा बसतो, पाय वाटेत सोडून.

फळ्यावर मी लिहिलं : य = ६००क्ष − १८००.
रोसाल्बा समुद्रशेवाळाच्या जुड्या विकते.
म्हटलं, क्ष म्हणजे खपलेल्या जुड्या,
य म्हणजे हाती उरलेले पेसो.
"आणि हे अठराशे?"
गाडीभाडं. जाऊन येऊन.
"म्हणजे एकही जुडी खपली नाही
तरी हे आपले दारात बसलेलेच."
स्थिरपदाची याहून बरी व्याख्या
माझ्या पुस्तकात नाही.
तीन जुड्यांवर रेषा अक्षाला भेटली.
"चौथीपासून माझं," म्हणत तिनं
पुढच्या बिंदूभोवती गोल काढला,
कुणी सांगितलं नसताना.

मागून एलेउतेरियो :
"रेषा खाली जात असली, तर?"
तर चढ उणे.
"उणा चढ?" त्यानं चष्मा कपाळावर नेला.
"बाई, त्याला उतार म्हणतात."
वर्ग हसला. मीही.
पुस्तकात चढच म्हणतात, बाकीचं चिन्ह सांगतं.
"चिन्ह काय सांगणार! पोटऱ्या सांगतात."

मग त्यानं आलेखाचा कागद मागून घेतला
आणि कोष्टक मांडलं, मला न विचारता.
शंभर पावलं म्हणजे क्षचं एक घर.
य मीटरमध्ये, समुद्रापासून मोजलेला.
खाणीचं तोंड अठरा मीटर वर,
तिथून दर घराला बारा खाली.
य = १८ − १२क्ष.
सव्वीस वर्षं रोज चाललेली वाट
सात चिन्हांत बसली, हे पाहून
तो थोडा नाराज झाला असावा.
पोरांच्या डब्यातली निळी पेन्सिल घेऊन
त्यानं क्ष-अक्ष रंगवला. हा समुद्र.

"आता य शून्य करा," मी म्हटलं. सवयीनं.
"अठरा ठेवा, बारा क्ष पलीकडे न्या.
बाजू बदलली की चिन्ह बदलतं."
त्यानं नेलं. पुटपुटत भागलं.
क्ष बरोबर दीड.
पेन्सिल तिथंच राहिली.

"इथं," तो म्हणाला, "बोलणं थांबायचं.
ठरवलेलं नव्हतं कुणी.
ओलेगारियो अख्खी वाट शिट्टी वाजवायचा,
तोही इथं ओठ मिटायचा.
इथून पुढं डोक्यावर पाणी."

उत्तराखाली दोन रेघा मारा, असं मी शिकवते.
त्यानं एकच मारली.

उणे शंभरावर कागद संपला.
त्यानं दुसरा मागितला, खाली डिंकानं चिकटवला,
चौकटीला चौकट जुळवत, जीभ दाताखाली धरून.
चौदाव्या घरावर, उणे दीडशेवर
बिंदू इतका दाबून काढला की टोक मोडलं.
ते त्यानं फुंकून टाकलं नाही.
बोटानं खिशात घातलं.

"टोकांना बाण काढा," मी म्हटलं.
"रेषा संपत नसते."
"ही संपते."
"संपतो तो रेषाखंड, एलेउतेरियो."
"मग रेषाखंड लिहा. चौदाच्या पुढं दगड होता.
मी हात लावलाय त्याला."
बाण नसेल तर परीक्षेत अर्धा गुण जातो,
हेही मी सांगितलं. सांगायला नको होतं.
"परीक्षेत काढीन की," तो म्हणाला,
लहान मुलाला समजवावं तसं.

नऊला दिवे घालवले.
पुढच्या मंगळवारी समांतर रेषा घ्यायच्यात.
त्याचा कागद मी हजेरीपटात ठेवला.
घडी घालावीशी वाटली नाही.
वरचा भाग आत मावतो,
निळ्याच्या खालचा बाहेर लोंबत राहतो,
चालताना माझ्या हाताला लागतो.