घेर

कापडाला मध्य नसतो.
मंगळबाजारातून चव्वेचाळीस पन्ह्याचा गठ्ठा येतो तेव्हा
नुसत्या चार कडा असतात आणि खळीचा वास.
दोन तुकडे एकावर एक, दोन्ही अर्ध्यात दुमडले,
की मध्य मुकाट कोपऱ्यात येऊन बसतो.
टेपचं टोक त्याच्यावर अंगठ्यानं दाबायचं,
दुसऱ्या हातात खडू,
आणि बिजागरीवरचं दार फिरतं तसं फिरायचं.
पाव वर्तुळ दिसतं. उरलेलं पाऊण खाली, अंधारात.

कंबर अठ्ठावीस, तर त्रिज्या किती?
खर्चे मास्तर फळ्यावर लिहायचे, दोन पाय आर,
आणि मुलांचे बाक माना खाली घालून हसायचे.
मी नववीला गणितातच उडाले.
अठ्ठावीस साते एकशे शहाण्णव, भागिले चव्वेचाळीस,
साडेचारला किंचित कमी.
आज झोपेतून उठवून विचारा, सांगेन.

भागूआत्या शाळेत गेलीच नव्हती.
ती म्हणायची, कंबरेचे सहा वाटे कर,
एक घे, त्यातून गव्हाएवढं परत टाक.
मी दोन्ही हिशेब शेजारी शेजारी आखून पाहिले.
मधे खडूच्या रेघेची जाडी.

पहिला चणिया मी बिघडवला.
व्यासालाच त्रिज्या समजले, नऊ इंचांवर कात्री फिरवली,
आणि कंबर झाली छप्पन्न.
आत्यानं तो माझ्या डोक्यावरून घातला,
तो खांद्यांवरून थेट पायांशी पडला.
"मैत्रिणीला बोलाव," म्हणाली, "दोघी मावाल."
रागावली नाही.
कापडाचे पैसे मात्र दिवाळीपर्यंत कापले.

अडतीस लांबी, म्हणजे खालचा फेरा साडेबेचाळीसवर.
त्याचा घेर साडेसात वार, जरा कमी.
साडेसात वार गोट, हातानं,
नवरात्राच्या आधीच्या पंधरवड्यात रोज तीन.
तिकडे मैदानावर तो घेर उठतो
तेव्हा मी दांडिया बाजारातल्या खोलीत
गरम पाण्यात पाय सोडून बसलेली असते.
दोन पाय. मास्तरांची आठवण येते.

पण मला सांगायचंय ते वेगळंच.

फाल्गुनीबेन आल्या, सहा वर्षांनी, तोच चणिया घेऊन.
टेप लावताना श्वास आत ओढून धरला.
मी थांबले. श्वास कधीतरी सुटतोच.
"चौतीस," हळू म्हटलं, वहीला सांगावं तसं.
त्यांचं तोंड उतरलं. सहा इंच!
मी घडी घालून दाखवली,
ही जुनी कड, ही नवी,
मधे एक इंच. तोही पुरा नाही.
"बस, आटलुं ज?"
बस, एवढंच. कंबर सहानं वाढली
तरी मध्यापासून बाई एकानंच लांब गेलेली असते.
बारीक असो, जाड असो, कुणीही असो.
त्या हसल्या, आणि नाडा नवा घाला म्हणाल्या, लाल.

उलटं मात्र जमत नाही.
परवा नवापुऱ्यातली धरती आली, आईचा हात धरून.
आषाढ अख्खा दवाखान्यात गेला म्हणे.
सव्वीसची बावीस.
आई खिडकीबाहेर बघत होती.
कापून गेलेलं कापड आत परत येत नाही,
त्याला ना मास्तरांचा पाय, ना आत्याचा गहू.
मी ते चार इंच चुन्यांत वाटले,
दोन डाव्या कुशीला, दोन उजव्या,
पट्टीखाली दडवून,
आणि टाके लांब घातले, कच्चे,
पुढच्या वर्षी उसवायला सोपे जावेत.

वहीत तिच्या नावापुढे
सव्वीसच ठेवलंय.