गोम

दुधनेच्या अलीकडे, सेलूपासून तीन कोसांवर
जहागीरदारांची पागा होती. मी तिथला कारकून.
घोड्यावर कधी बसलो नाही.
माझ्या हाती टाक, आणि लाल कापडी पुठ्ठ्याची वही:
कोणती घोडी कुणाला दाखवली,
कोणत्या तारखेला फळली,
शिंगरू नर की मादी, अंगावर पांढरं कुठं, किती.

ग्रँड वझीर आला तेव्हा
रेल्वेचा अख्खा डबा त्याच्या एकट्यासाठी.
अकरा शर्यती, नऊ अव्वल,
एकीत नुसत्या नाकपुडीएवढ्या फरकानं दुसरा.
(जहागीरदार हे दर पाहुण्याला सांगत
आणि दर पाहुण्यागणिक नाकपुडी लहान होत जाई.
अकरावीबद्दल कुणी बोलत नसे.)
त्याचे कागद उतरवून घ्यायला मला दोन दिवस लागले.
बाप, आजा, पणजा, त्याच्या मागचे साहेबी नावांचे,
पार कुठल्याशा अरबाच्या तंबूपर्यंत.
मधेच टाक थांबला.
मला माझ्या पणजोबाचं नाव आठवेना.

मानवत रोडचा सखाहरी टांगेवाला
कडब्याच्या गाडीबरोबर आला होता.
वझीरच्या छातीवर, केसांत, एक उलटी रेघ.
लांबूनच म्हणाला, "कारकूनसाब, गोम हाय की ह्याला.
आमच्यात असलं जनावर दारात बांधत नसतेत."
मी वही उघडली.
गोमीचा रकानाच नव्हता.

मग घोड्या येत राहिल्या, पुण्याच्या, हैदराबादच्या,
झुली घालून, डॉक्टर बरोबर घेऊन.
एका वेळेचे पैसे माझ्या दोन वर्षांच्या पगाराएवढे.
पहिल्या सालची सहा शिंगरं:
एक पायानं गेलं, एक पुण्यात पाचवं आलं,
बाकीची देखणी. नुसतीच देखणी.
जहागीरदार म्हणत, "वेग रक्तात असतो."
लतीफ मोतद्दार खरारा करता करता पुटपुटे,
"रगत तर आईचं बी असतंय, सरकार."
वझीर चंदी खाई, कान हलवी,
आपण काय द्यायचं बाकी आहे
ते त्याला ठाऊक नव्हतं.

होळीच्या रात्री सगळी पागा झिंगलेली.
अडसर कुणी काढला, मी पाहिलं नाही.
सखाहरीची मैना कुंपणाबाहेर बाभळीला बांधलेली होती,
ती तिथं का होती, हेही मी विचारलं नाही.
सकाळी वझीर आपल्या ठाणावर, अंगावर बाभळीचे ओरखडे,
आणि लतीफ माझ्याकडं न बघता म्हणाला,
"लिहू नका."

मी लिहिलं. मागच्या पानावर, पेन्सिलीनं.

माघात मैनेला शिंगरू झालं. कुमैत, छातीवर रेघ.
चौथ्या वर्षी ते टांग्याला जुंपलं
तेव्हा पाथरीच्या स्वाऱ्या पैसे जास्त देत
आणि उतरल्यावर जमिनीला हात लावत.

पुढं जहागीर गेली. वझीर गेला,
त्याला चिंचेखाली पुरला; आता तिथं जिनिंगचं गोदाम आहे.
कागदावरच्या लेकरांची लेकरं कुठं पळतात
ते वर्तमानपत्रातल्या बारीक अक्षरांत शोधलं काही वर्षं.
मग नजर गेली.

पण माळेगावच्या यात्रेला मी दर मार्गशीर्षात जातो.
घोडेबाजारात हिंडतो, विकत काही घेत नाही.
वरातीत नाचणाऱ्या घोड्या, पायांत घुंगरं,
तेल लावून, विंचरून, छातीचे केस चापून बसवलेले.
चापून का बसवलेत, ते मला कळतं.
मी दोन बोटांनी केस विलग करतो.
कधी काही नसतं.
औंदा एकीच्या छातीवर होती.
अगदी तशीच, खालून वर, जरा डावीकडं झुकलेली.

"बाबा, घ्यायची नसली तर हात लावू नका,"
तिचा धनी म्हणाला, विशीतला पोरगा, कानात डूल.
"शुभ आहे ती. पंचकल्याणी. कागद न्हाईत, पण रगत चांगलं."
मी म्हटलं, "कुणाचं?"
तो हसला. "मैनेच्या खानदानाचं.
आमचा पणजोबा टांगा हाकायचा."

मी हात काढून घेतला.
घोडीनं एकदा माझ्या बोटांचा वास घेतला
आणि तोंड फिरवलं.