निळी संपली

प्लोवदिवला, चौथ्या मजल्यावर
त्स्वेताना प्रिंटरशी भांडतेय.
एकच पान हवंय:
नवरा जाऊन सहा महिने झाल्याचं,
खाली दारावर डकवायला.
सगळं काळं, फोटोसुद्धा.
प्रिंटर म्हणतो, निळी संपली.

निळीचं इथं काय काम?
कार्ट्रिज कानाशी धरून ती हलवते.
आत चुळबुळतंय काहीतरी,
चिप मात्र मोजून मोकळी.

शेजारचा राद्को सांगतो,
स्वस्तात घेतलात ना, आजी, हा शाईवर जगतो.
आणि याचं काळं नुसतं काळं नसतं,
निळं, किरमिजी, पिवळंसुद्धा कालवतो त्यात.

नवी निळी येते, मशीनच्या निम्म्या किमतीत.
पान निघतं
कपाळावर पांढरी रेघ घेऊन.
नॉझल साफ करू?
शाई किती जाईल?
तो सांगतो.

मग राहू दे.
इवायलोला कुठं खपली असती
उधळपट्टी.