पाषाणचा समुद्र

मी समुद्र बनवतो.
दर सोमवारी, वीस लिटर,
पाषाणात, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या खोलीत.
लिटरला पस्तीस ग्रॅम क्षार. साधं मीठ सगळ्यांत जास्त,
मग मॅग्नेशियमचं. कॅल्शियमचं अगदी शेवटी,
नाहीतर पाणी फाटतं.
चव घेऊ नये, असं भिंतीवर लिहिलंय.
मी घेतली आहे.

खरा समुद्र दोनदा पाहिला.
एकदा शाळेच्या सहलीत,
एकदा मेहुण्याच्या लग्नात, अलिबागला,
तोही रात्री, म्हणजे ऐकलाच.
आमच्या भोरात पाणी म्हणजे धरण:
गोड, आणि दुसऱ्यांसाठी साठवलेलं.

हुदा परकार मॅडम श्रीवर्धनच्या.
बर्फाच्या पेटीत बाटल्या घालून एसटीनं यायच्या,
ताम्हिणीच्या वळणांवर पेटी मांडीवर धरून.
मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं तेव्हा म्हणाल्या,
काका, एक डोळा मिटा.
काचेची होडकी दिसली, काचेच्या डब्या, काचेच्या करवती,
आणि काही नुसते ठिपके, ठिपक्याहूनही कमी.
आत्ता श्वास घेतलात ना तुम्ही,
त्यातला जवळजवळ अर्धा ह्यांनी केलेला.
घरी सांगितलं तर बायको म्हणाली,
मग भाडं द्या की त्यांना.

ह्यांना किड्याएवढे जीव खातात, त्यांना तारली,
तारलीला सुरमई,
सुरमईला नळस्टॉपच्या हॉटेलात रांग लावणारे.
उरलेले मेले की खाली पडत राहतात,
दिवसेंदिवस, जात्याभोवती पीठ पडावं तसे.
तळाच्या अंधारात बसलेल्यांचं
तेवढंच जेवण.

पण बाटलीतून चंबूत आले की मरायचे.
एकेकाला वेगळं काढलेलं, शुद्ध,
माझ्या मापातल्या समुद्रात, ठरल्या उजेडाखाली,
आठ दिवसांत पांढरे.
मॅडम मला काही बोलल्या नाहीत.
मीच तराजू तीनदा तपासला.

आश्विनात एक चंबू बिघडला,
आत दुसरंच काही शिरलं होतं.
मॅडमनी काळ्या पेनानं लिहिलं: दूषित, फेकणे.
फेकायचं म्हणजे आधी वाफेवर उकडायचं,
आणि तो निघाला गुरुवार.
वीज नाही, नळाला पाणी नाही.
ठेवला मागे, खिडकीशी, फडक्याआड.
मग दिवाळी आली.

सुट्टीनंतर कुलूप काढलं तर
शुद्ध होते ते सगळे गेलेले,
आणि दूषित तो हिरवागार,
भाताच्या रोपासारखा, डोळ्यांत भरणारा.

म्हटलं, आता बोलणी बसणार.
मॅडम कितीतरी वेळ एक डोळा मिटून बसल्या.
मग म्हणाल्या, ह्याला एकट्याला जगता येत नाही, काका.
ह्याच्याभोवती विष साचतं, ते तो दुसरा साफ करतो,
हा त्याला खाऊ घालतो.
त्या दुसऱ्यालाच आपण रोज धुऊन काढत होतो.
आपण, म्हणाल्या.
धूत मी होतो.

हल्ली मॅडम कुठल्याशा बोटीवर असतात, खूप दक्षिणेला.
जाताना एक बाटली देऊन गेल्या, त्यांच्या गावची, बूच घट्ट.
एकदाच उघडली.
ओल्या दोरीचा वास, शेवाळाचा, काहीतरी कुजल्याचा.
माझ्या समुद्राला वास नाही
हे मला अकरा वर्षांनी कळलं.

आज सोमवार.
कॅल्शियम शेवटी.
टाकल्याबरोबर पाणी गढूळ होतं,
मग थांबायचं.