कुत्र्याचा कर, १९७१

रायली हेइकुरा सांगते, उजेड नारिंगी होता,
दलदलीतल्या पिकल्या बेरीसारखा.
साखरेचा खडा कॉफीत बुडवते, चोखते,
"जरा जास्तच पिकलेल्या," म्हणते.
मी लिहून घेतो. त्रेपन्न वर्षांनंतर
रंगातला एवढा फरक चालवून घ्यावा लागतो.

फेब्रुवारीचा महिना. तळं तळापर्यंत गोठल्यासारखं.
बर्फाला भोक पाडून भाऊ गळ टाकून बसलेला,
ती घसरगाडीवर, नऊ वर्षांची, एक हातमोजा हरवलेला.
पाइनच्या शेंड्यांवरून ते आलं.
आवाज नव्हता. आवाज नव्हता हे ती तीनदा सांगते
आणि दर वेळी स्वतःचा आवाज आणखी खाली आणते.
कुत्रा मात्र विव्हळत होता. हल्ली त्याचं नाव.
कान पाडून, तिच्या बुटांत तोंड खुपसून.

इतकी वर्षं कुणाला का नाही सांगितलं?
"कुणी विचारलंच नाही."

भाऊ ताइस्तो, औलूहून, फोनवर:
मासे? त्या हिवाळ्यात मी सैन्यात होतो.
मग भोकाशी कोण बसलं होतं?
"बाबा असतील." थोड्या वेळाने:
"पण बाबांनी तिला कधी कुठे नेलं नाही.
हे तिला विचारू नका."

नगरपालिकेच्या तळघरात कुत्र्यांच्या कराची वही.
हेइकुरा, एक कुत्रा, करडा.
अडुसष्टचा भरला, एकोणसत्तरचा, सत्तरचा.
एकाहत्तरच्या रकान्यात आडवी रेघ, शेजारी
कुणा कारकुनाचं कोरीव अक्षर: ऑक्टोबरात मेला.
म्हणजे हल्ली तेव्हा नव्हताच.
किंवा कर वाचवायला बापाने
जिवंत कुत्रा कागदावर मारला. असंही करायचे लोक.
वहीलासुद्धा कुणीतरी येऊन सांगितलेलंच असतं.

आता माझं.
मी एकतीस वर्षं हवामानखात्यात काढली.
वारा मोजायला रात्री फुगे सोडायचो,
फुग्याखाली बॅटरीचा इवलासा दिवा.
त्या संध्याकाळी तळघरातून बाहेर आलो,
गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो,
आणि सगळं एकदम आठवलं:
बोटांना चिकटलेला लोखंडी चिमटा,
दोरा निसटला तो क्षण, दिवा वर चढत
तिच्या तळ्याच्या दिशेने कलला,
आणि शेडच्या दारातून सुलो म्हणाला,
आत ये, कॉफी निवतेय.

बायकोला तिथूनच फोन केला.
म्हटलं, सापडलं. मीच होतो तो.

मंगळवारी हेलसिंकीहून नोंदवहीची प्रत आली.
त्या रात्री फुगा सोडला: हो.
सही एकट्या सुलोची.
माझ्या नावापुढे: रजा, इस्पितळ, अपेंडिक्स.
शर्ट वर करून पाहिलं. व्रण आहे.
वारा पूर्वेचा, म्हणजे दिवा गेला असणार पश्चिमेला,
तळ्याकडे पाठ करून.
सुलोला विचारलं असतं, पण त्याला जाऊन अकरा वर्षं झाली,
आणि ती कॉफीसुद्धा त्यानेच दिली होती
की दुसऱ्या कुणी, दुसऱ्या कुठल्या हिवाळ्यात,
ते आता माझ्या हातात नाही.
बोटांना मात्र तो चिमटा अजून गार लागतो.

पुन्हा गेलो. म्हटलं, चित्र काढा.
रायलीने आधी बर्फातलं भोक काढलं, मग गळ,
मग पाठमोरा माणूस. त्याच्या टोपीवर
तिचा बराच वेळ गेला, कानावर ओढलेली
लोकरीची टोपी, एक एक टाका.
ही ताइस्तोची? मी विचारलं नाही.
शेवटी कुत्रा.

कागदाचा वरचा अर्धा भाग कोरा.
आणि ते? मी बोट दाखवलं.

"ते राहू दे," ती म्हणाली,
"हल्लीचा हा कान नीट नाही जमला,"
आणि खोडरबर मागितलं.