सात वाव

उधाणाची रात्र. बांधायला आपला असा खुंट नाही.
जो एक बोया तरंगतोय, त्यावर कंपनीचं नाव.
एदुविना मावशी थुंकते,
आधी वाऱ्याची दिशा बघून.

ओळंब्याच्या बुडाला चरबी लावून सोडला,
वर आला करड्या चिखलासकट.
"चिखल बरा. खडक धरतो, आणि विसरतो."
आत्ता पाणी तीन वाव, भरतीला सात.
हिशेब सातावर करायचा,
दोर त्याच्या पाचपट.
आमच्याकडे तीसच वाव आहे.
तेवढ्यात भागवायचं.

लुमाच्या लाकडात दगड आवळलेला आजोबांचा नांगर
ती फेकत नाही. उतरवते,
उधार देताना नोटा मोजाव्यात तसा
हात-हात दोर सोडत.

चर्चचा दिवा आणि रेमिहिओच्या गोठ्याचा कोपरा
एका रेषेत: हे ध्यानात ठेव, म्हणाली.
मी ठेवलं.
नऊला धुकं आलं, दोन्ही पुसले गेले.

मग तिनं तळाशी एक शिसं टाकलं
आणि त्याची दोरी बांधली
स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला.

दोनच्या सुमारास अंगठा ओढला गेला.
ती नाळेकडे रांगत गेली,
नांगराच्या दोरावर तळवा ठेवून
कितीतरी वेळ नुसती बसली.
"ताणलाय. थरथरत नाही.
ओहोटी लागली, होडी फिरली फक्त."
आता झोपशील ना?
"तू झोप. माझी झोप घरी राहिलीय."

सकाळी दाल्कावेच्या बाजारात
ती बटाट्यांचा भाव सोडेना.
एक बूट पायात,
एक काखेत.