तेरा वजा

मे महिना. दवाखान्याच्या तळमजल्यावरची खोली.
बाहेर पारा चव्वेचाळीसला टेकलेला
आणि माझं काम बर्फ फोडायचं.

डॉक्टर बिराजदारांचा अभ्यास होता,
ताण आला की बाईचं शरीर काय करतं, पुरुषाचं काय करतं.
रकाने दोनच.
मला महिन्याला आठ हजार, आणि संध्याकाळी उरलेला बर्फ.

पद्धत अशी :
हात मनगटापर्यंत बर्फाच्या पाण्यात, सोसेल तेवढा वेळ.
मग एक हजार बावीसमधून तेरा वजा करत जायचं, मोठ्यानं.
चुकलं की पहिल्यापासून.
समोर एक शिकाऊ मुलगा बसवलेला, न हसण्यासाठी.
मधेमधे मी नळीत लाळ घ्यायची,
दंडाचा पट्टा आवळायचा, आकडे लिहायचे.

आधी पेंटम्मा यमूल. नीलम नगर, विड्या वळते.
फॉर्मवर बायकांसाठी एक जादा ओळ होती.
शेवटची पाळी कधी?
"कारखान्याबरोबर गेली," म्हणाली.
नवऱ्याचा कारखाना. अक्कलकोट रोडवरचा.
माग भंगारात गेले, किलोच्या भावानं.

तिनं बर्फात हात घातला आणि डोळे मिटले.
तीन मिनिटं झाली, मी म्हटलं, "काढा आता."
"राहू दे की बाई, गार वाटतंय."
मुलगा हसला. त्याला हसायचं नव्हतं.
वजाबाकी तिनं तेलुगूत केली,
वेय्यी तोम्मिदि, तोम्मिदि वंदल तोंभै आरु,
न थांबता, खाली, खाली,
हजार विड्यांतून कारखानदाराची छाट
रोज वजा करणाऱ्या बाईला तेरा म्हणजे काय.
नाडी शहात्तर.
लाळेला तंबाखूचा वास, तोंडात तंबाखू नसताना.

तिला पडद्याआड खुर्चीत बसवलं,
पट्टा तसाच, यंत्र चालू,
विश्रांतीचे आकडे हवे असतात.

मग राजमल्लू. इस्त्रीचा शर्ट.
त्यांनी पाण्यात मूठ वळली.
चाळीस सेकंद.
एकतीस वर्षं चादरीवरचे मोर धाग्याधाग्यानं मोजलेला माणूस
नऊशे शहाण्णवला अडला.
"पहिल्यापासून," मुलगा म्हणाला, वय असेल एकवीस.
एक हजार बावीस. एक हजार नऊ. नऊशे...
कानशिलावरची शीर उभी राहिली.
"पहिल्यापासून."
लाळ इतकी आटली की नळीत थेंब पडेना,
मी नळी धरून उभी
आणि ते भिंतीवरच्या पंख्याकडे बघत
घशातून काहीतरी ओढत राहिले.
नाडी एकशे अठरा.
बाहेर आल्यावर चहा घेऊन दहा मिनिटांत ब्याऐंशी.
आलेखाला छान टोक आलं. असंच यायला हवं होतं.

पेंटम्माचा कागद मी नंतर काढला.
चौऱ्याहत्तर. पंच्याहत्तर. चौऱ्याहत्तर.
मग एकशे एकवीस.
एकशे सव्वीस.
वेळ बघितली. पडद्यापलीकडे तेव्हा
"पहिल्यापासून" चाललं होतं.
आणि तो आकडा काही खाली येत नव्हता,
चहानंतरही नाही.

डॉक्टरांनी शेजारी लिहिलं : यंत्राची चूक?
प्रश्नचिन्ह घातलं, एवढे ते चांगले आहेत.
रकान्यात गेलं : स्त्री, प्रतिसाद सौम्य.

कॉरिडॉरमध्ये राजमल्लू म्हणत होते,
"काय नाही गं, पाणी गार होतं नुसतं."
"होय," ती म्हणाली, "लई गार होतं."

उरलेला बर्फ त्या दिवशी मी घरी नेला नाही.
पिशवीत घालून त्यांना दिला.
शेअर रिक्षात ते पुढं बघत बसलेले,
तिनं पिशवी त्यांच्या मानेला लावून धरलेली,
पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं,
बोटं पांढरी पडत चाललेली.
रिक्षा भरेपर्यंत ती थांबली होती, मी बघत होते.
घड्याळ लावलं नव्हतं.